कालप्रवासावरील शोधनिबंध : कल्पनेला गणिताची वेसण

गेलेला काळ पुन्हा पाहावा किंवा येणारा काळ आधीच गाठावा, ही माणसाची फार जुनी ओढ आहे. भागवताच्या नवव्या स्कंधात राजा ककुद्मी आपली कन्या रेवती हिच्यासाठी वर विचारण्याकरिता ब्रह्मलोकी जातो. तेथे तो क्षणभर थांबतो. पण तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटून गेलेली असतात. अशा कथा जगातील अनेक संस्कृतींमध्ये आढळतात. विसाव्या शतकात मात्र या ओढीला भौतिकशास्त्राचा आधार मिळाला आणि 'कालप्रवास' हा शब्द कथा-कादंबऱ्यांतून संशोधनपत्रिकांत शिरला. त्यामुळेच महाविद्यालयीन प्रकल्पासाठी किंवा शोधनिबंधासाठी विषय निवडताना अनेक विद्यार्थ्यांना कालप्रवासाचा मोह पडतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्पाला स्थान मिळाल्यापासून पदवीच्या विद्यार्थ्यांवरही असे लेखन करण्याची वेळ येऊ लागली आहे.

विषय आकर्षक असला तरी तो फसवाही आहे. कालप्रवासावर लिहिताना कल्पना, तत्त्वचिंतन आणि सिद्ध विज्ञान यांच्या सीमारेषा सहज पुसल्या जातात आणि निबंध चित्रपटाच्या रसग्रहणासारखा होऊन बसतो. उलट, या सीमारेषा नीट सांभाळल्या तर याच विषयातून विद्यार्थ्याच्या हातून मोलाचे काम होऊ शकते. कालप्रवासाच्या संशोधनाचा इतिहास पाहिला तर त्यातील कित्येक महत्त्वाच्या निबंधांवर विद्यार्थ्यांची नावे आहेत.

विद्यार्थ्यांनी घडविलेला विषय

'टाइम मशीन' हा शब्दप्रयोग रूढ करणारी एच. जी. वेल्स याची कादंबरी १८९५ मध्ये प्रसिद्ध झाली. यंत्राच्या साहाय्याने काळात प्रवास करण्याची कल्पना त्याआधी स्पॅनिश लेखक एन्रिके गास्पार याच्या १८८७ मधील कादंबरीत आली होती. वेल्सच्या कादंबरीची पहिली आवृत्ती म्हणता येईल अशी कथा १८८८ मध्ये छापून आली, तीही लंडनमधील त्याच्या विज्ञान महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या मासिकात. प्रयोगशाळेत आणि वादविवाद मंडळात विद्यार्थ्यांच्या ज्या चर्चा चालत, त्यांतून ही कल्पना सुचल्याचे वेल्सने पुढे एका प्रस्तावनेत नमूद केले आहे.

विज्ञानाच्या बाजूनेही हेच दिसते. १९८५ च्या सुमारास खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांना आपल्या 'कॉन्टॅक्ट' या कादंबरीतील नायिकेला दूरच्या ताऱ्यापर्यंत झटपट पोहोचवायचे होते. त्यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील किप थॉर्न यांचा सल्ला घेतला. थॉर्न यांनी कृष्णविवराऐवजी वर्महोल, म्हणजे अवकाश-काळातील दोन दूरस्थ ठिकाणांना जोडणारे भुयार, वापरण्यास सुचविले. या सल्ल्याचा पाठपुरावा करताना थॉर्न आणि त्यांचा विद्यार्थी मायकेल मॉरिस यांनी १९८८ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स' या अध्यापनविषयक पत्रिकेत निबंध प्रसिद्ध केला. व्यापक सापेक्षतावाद शिकविण्याचे एक साधन, असे त्याचे स्वरूप शीर्षकातच सांगितले होते. त्याच वर्षी मॉरिस, थॉर्न आणि उल्वी युर्टसेव्हर या तिघांनी 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये अशा भुयाराचे कालयंत्रात रूपांतर कसे होऊ शकेल, हे मांडले. युर्टसेव्हर हेही तेव्हा विद्यार्थीच होते. वर्गात शिकविण्यासाठी सोडविलेल्या एका उदाहरणातून अशा प्रकारे संशोधनाची एक नवी शाखा उभी राहिली. थॉर्न यांना पुढे २०१७ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

अलीकडचे उदाहरण ऑस्ट्रेलियातील आहे. क्वीन्सलँड विद्यापीठात पदवीचे शिक्षण घेणारा जर्मेन टोबार आणि त्याचे मार्गदर्शक फाबिओ कोस्टा यांचा निबंध २०२० मध्ये 'क्लासिकल अँड क्वांटम ग्रॅव्हिटी' या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. भूतकाळाकडे वळणारे मार्ग अस्तित्वात असले, तरी त्या प्रदेशातील निरीक्षकांना आपापली कृती निवडण्याचे स्वातंत्र्य राहू शकते आणि तरीही विसंगती निर्माण होत नाही, असे त्यांनी गणिताने दाखविले.

विषय आटोपशीर हवा

'कालप्रवास : एक अभ्यास' असे शीर्षक घेणारा निबंध बहुधा कोठेच पोहोचत नाही. विषय एका प्रश्नात मांडता आला पाहिजे आणि त्या प्रश्नाचे उत्तर हाती असलेल्या वेळात, साधनांत व गणितात मिळण्याजोगे असले पाहिजे. 'कालप्रवास शक्य आहे काय?' हा प्रश्न पदवीच्या विद्यार्थ्याला पेलणारा नाही. तो नामवंत शास्त्रज्ञांनाही सुटलेला नाही. मात्र 'अंतराळ स्थानकात राहिलेल्या अंतराळवीराचे घड्याळ किती मागे पडते?', 'आजोबांच्या विरोधाभासाला तत्त्वज्ञांनी कोणती उत्तरे दिली?' किंवा 'मराठी विज्ञानकथेत काळाची कल्पना कशी बदलत गेली?' हे प्रश्न आटोक्यातले आहेत.

विद्याशाखेनुसार विषयाची दिशा बदलते. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने एखादे गणित मुळापासून सोडवून दाखवावे. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने एखाद्या युक्तिवादाची चिकित्सा करावी. साहित्याच्या विद्यार्थ्याने संहिता हाच पुरावा मानावा. मराठीत यासाठी उत्तम सामग्री आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठविली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. त्यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेतील इतिहासाचा प्राध्यापक ज्या जगात जाऊन पोहोचतो, तेथे १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकलेली असते. हा मागच्या काळात केलेला प्रवास आहे की समांतर जगात झालेला प्रवेश, हा प्रश्नच एका चांगल्या निबंधाचा विषय होऊ शकतो.

व्याख्या आधी, विवेचन नंतर

काळात प्रवास तर प्रत्येकजण करीतच असतो. एका तासात आपण एक तास पुढे सरकतो. मग 'कालप्रवास' म्हणायचे कशाला? या प्रश्नाचे नेमके उत्तर अमेरिकन तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांच्या १९७६ मधील निबंधात आहे. लुईस यांनी प्रवाशाचा स्वतःचा काळ आणि बाह्य जगाचा काळ असा भेद केला. प्रवाशाचे मनगटी घड्याळ, त्याचे पिकणारे केस, त्याची साठत जाणारी स्मृती हा त्याचा काळ होय. निघण्यापासून पोहोचण्यापर्यंत या दोन काळांचा मेळ बसत नसेल, तर तो कालप्रवास. ही व्याख्या निबंधाच्या आरंभीच दिली की पुढील पुष्कळ गोंधळ टळतो.

या व्याख्येने कालप्रवासाचे दोन प्रकार वेगळे होतात आणि निबंधात त्यांची सरमिसळ होता कामा नये. पहिला प्रकार भविष्याकडे जाण्याचा. तो प्रयोगांनी सिद्ध झाला आहे. दुसरा भूतकाळात परतण्याचा. तो आजवर केवळ समीकरणांतच आढळला आहे. अनेक निबंध पहिल्या प्रकाराचे पुरावे देऊन दुसऱ्या प्रकाराचा निष्कर्ष काढतात. परीक्षकाच्या नजरेला सर्वांत आधी खटकणारी चूक हीच.

भविष्याकडे : पुरावे आणि आकडे

अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडलेल्या विशेष सापेक्षतावादानुसार वेगाने जाणारे घड्याळ संथ चालते. १९१५ च्या व्यापक सापेक्षतावादानुसार प्रबळ गुरुत्वाकर्षणातील घड्याळही संथ चालते. या दोन्ही गोष्टींचे पुरावे आता विपुल आहेत.

वातावरणाच्या वरच्या थरांत विश्वकिरणांमुळे म्यूऑन नावाचे कण निर्माण होतात. स्थिर म्यूऑनचे सरासरी आयुष्य सुमारे २.२ मायक्रोसेकंद असते. प्रकाशाच्या वेगानेही तेवढ्या अवधीत जेमतेम ६६० मीटर अंतर कापले जाईल. तरीही कित्येक किलोमीटर उंचीवर जन्मलेले म्यूऑन जमिनीपर्यंत पोहोचतात, कारण आपल्या दृष्टीने त्यांचा काळ संथ चाललेला असतो.

ऑक्टोबर १९७१ मध्ये जोसेफ हाफेले आणि रिचर्ड कीटिंग यांनी चार सीझियम घड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरविली. पूर्वेकडे गेलेली घड्याळे ५९ नॅनोसेकंदांनी मागे पडली, तर पश्चिमेकडे गेलेली २७३ नॅनोसेकंदांनी पुढे गेली. मोजमापातील अनिश्चितता अनुक्रमे १० आणि ७ नॅनोसेकंदांची होती. सिद्धांताने वर्तविलेले आकडे ४० (अनिश्चितता २३) आणि २७५ (अनिश्चितता २१) नॅनोसेकंदांचे होते. निबंधात हे आकडे देताना अनिश्चिततेसह द्यावेत. ती वगळली, तर ५९ आणि ४० या आकड्यांत विसंगती असल्याचा भास होतो. ती दिली की दोन्ही आकडे एकमेकांशी जुळतात, हे स्पष्ट होते.

मोबाइलवर नकाशा दाखविणाऱ्या जीपीएस यंत्रणेचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. वेगामुळे त्यांची घड्याळे दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंदांनी मागे पडतात आणि गुरुत्वाकर्षण क्षीण असल्याने सुमारे ४५ मायक्रोसेकंदांनी पुढे जातात. हा ३८ मायक्रोसेकंदांचा फरक दुरुस्त केला नाही, तर यंत्रणा निकामी ठरेल, कारण तेवढ्या अवधीत प्रकाश सुमारे ११ किलोमीटर अंतर तोडतो. घड्याळांची अचूकता आता इतकी वाढली आहे की, २०१० मध्ये अवघ्या ३३ सेंटिमीटर उंचीच्या फरकामुळे, तर २०२२ मध्ये एका मिलिमीटरच्या आत पडणारा काळाचा फरक अमेरिकेतील प्रयोगशाळांनी मोजला.

एक गणित स्वतः सोडवावे

इतरांच्या निष्कर्षांची जंत्री म्हणजे शोधनिबंध नव्हे. निबंधात विद्यार्थ्याने स्वतः केलेले निदान एक गणित, एक विश्लेषण किंवा एक तुलना असावी. कालप्रवासाच्या बाबतीत बारावीच्या गणितावर करता येईल असे एक उदाहरण उपलब्ध आहे.

रशियन अंतराळवीर सर्गेई क्रिकाल्योव्ह यांनी सहा मोहिमांत मिळून ८०३ दिवस अंतराळात घालविले. मे १९९१ मध्ये ते सोव्हिएत संघातून उड्डाण करून 'मीर' स्थानकावर गेले आणि मार्च १९९२ मध्ये परतले, तेव्हा तो देशच अस्तित्वात नव्हता. त्यांनी केलेला 'कालप्रवास' किती, हे पुढीलप्रमाणे काढता येते.

स्थानकाचा वेग सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर. त्याला प्रकाशाच्या वेगाने भागून वर्ग केला व निम्मा घेतला, तर घड्याळ ज्या प्रमाणात संथ होते तो अपूर्णांक मिळतो. त्याला दिवसातील ८६,४०० सेकंदांनी गुणले की दिवसाला सुमारे २८ मायक्रोसेकंद हे उत्तर येते. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण किंचित कमी असल्याने घड्याळ दिवसाला साडेतीन मायक्रोसेकंदांच्या आसपास पुढेही जाते. वजाबाकी केल्यावर सुमारे २५ मायक्रोसेकंद उरतात. त्यांना ८०३ ने गुणले की उत्तर येते सुमारे २० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. क्रिकाल्योव्ह पृथ्वीवर राहिले असते तर त्यांचे जे वय झाले असते, त्यापेक्षा ते तेवढ्याने लहान आहेत.

येथे गृहीतके लिहून ठेवणे आवश्यक आहे. सर्व मोहिमांत वेग व उंची सारखीच धरली, कक्षा वर्तुळाकार मानली आणि पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम दुर्लक्षिला, हे नमूद केले की उत्तराला 'सुमारे' का म्हटले ते वाचकाला कळते. हेच गणित जीपीएस उपग्रहासाठी केले तर उत्तराचे चिन्ह उलटते. ते नेमके किती उंचीवर उलटते, हा निबंधाचा पुढचा प्रश्न होऊ शकतो.

भूतकाळाकडे : समीकरणांतील वाटा

भूतकाळात परतणाऱ्या मार्गाला भौतिकशास्त्रात 'बंद कालसदृश वक्र' म्हणतात. अशा मार्गाने जाणारा प्रवासी कोठेही प्रकाशाचा वेग ओलांडत नाही, तरी फिरून आपल्याच भूतकाळात येतो. व्हिलेम व्हॅन स्टॉकम यांनी १९३७ मध्ये फिरत्या धुळीच्या अनंत दंडगोलाचे जे उत्तर काढले, त्यात असे वक्र दडलेले असल्याचे पुढे लक्षात आले. १९४९ मध्ये थोर तर्कशास्त्रज्ञ कर्ट गोडेल यांनी संपूर्ण विश्वच फिरत असल्याचे एक उत्तर आइन्स्टाइन यांच्या समीकरणांतून काढले. त्यात प्रत्येक बिंदूतून भूतकाळाकडे जाणारा मार्ग निघतो. प्रिन्स्टन येथे आइन्स्टाइन व गोडेल हे सहकारी होते. भौतिक कारणांवरून अशी उत्तरे वगळावी लागतील काय, याचा विचार व्हावा, असे आइन्स्टाइन यांनी त्यावर लिहिले. फ्रँक टिपलर यांनी १९७४ मध्ये फिरत्या दंडगोलाचा, तर रिचर्ड गॉट यांनी १९९१ मध्ये वैश्विक तंतूंचा पर्याय मांडला.

ही यादी निबंधात देणे सोपे आहे. तिच्यातील प्रत्येक वाटेची अडचण देणे अधिक महत्त्वाचे. गोडेल यांचे विश्व प्रसरण पावत नाही, आपले पावते. दंडगोलाला अनंत लांबी लागते. वैश्विक तंतू अद्याप कोणी पाहिलेले नाहीत. मॉरिस व थॉर्न यांचे भुयार उघडे ठेवण्यासाठी ऋण ऊर्जा घनता असलेला पदार्थ लागतो. अत्यल्प प्रमाणात ऋण ऊर्जेचा आविष्कार हेंड्रिक कॅसिमिर यांनी १९४८ मध्ये वर्तविलेल्या परिणामात दिसतो, परंतु माणूस जाऊ शकेल एवढे भुयार आणि दोन धातुपट्ट्यांमधील सूक्ष्म फट यांत प्रचंड अंतर आहे.

या विवेचनात एका भारतीय शास्त्रज्ञाचे नाव अगत्याने यावे. प्रकाशकिरणांचे झोत गुरुत्वाकर्षणाने कसे एकवटतात, हे सांगणारे समीकरण कोलकात्याचे अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामातून आले. भुयारात शिरताना एकवटलेले किरण बाहेर पडताना पसरावे लागतात. सामान्य पदार्थ किरण पसरवीत नाही. म्हणूनच ऋण ऊर्जेची गरज निर्माण होते.

१९९२ मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी 'कालक्रम-संरक्षणा'ची अटकळ मांडली. भौतिकशास्त्राचे नियमच बंद कालसदृश वक्र निर्माण होऊ देत नाहीत, असा तिचा आशय. ती आजही अटकळच आहे, सिद्ध झालेली नाही आणि खोटीही ठरलेली नाही. गुरुत्वाकर्षण व क्वांटम सिद्धांत यांची सांगड घातली गेल्याशिवाय अंतिम निवाडा होणे कठीण दिसते. निबंधात 'हॉकिंग यांनी सिद्ध केले' असे वाक्य लिहिले गेले, तर एका क्रियापदाने संपूर्ण परिच्छेद चुकीचा ठरतो.

आजोबांचा विरोधाभास

प्रवाशाने भूतकाळात जाऊन आपल्या आजोबांचा त्यांच्या लग्नाआधीच घात केला तर तो स्वतः जन्मणार कसा? या कोड्याला प्रामुख्याने तीन उत्तरे दिली गेली आहेत.

पहिले उत्तर सुसंगतीचे. रशियन शास्त्रज्ञ इगोर नोविकोव्ह यांच्या मते भूतकाळात केवळ अशाच घटना घडू शकतात, ज्या एकमेकींशी सुसंगत आहेत. माणसाच्या इच्छास्वातंत्र्याचा घोळ टाळण्यासाठी जोसेफ पोल्चिन्स्की यांनी आजोबांच्या जागी बिलियर्डचा चेंडू योजला. चेंडू भुयारात शिरतो, थोडा आधीच्या काळात बाहेर येतो आणि भुयाराकडे निघालेल्या स्वतःलाच धडकून वाट चुकवितो. थॉर्न यांचे विद्यार्थी फर्नांडो एचेव्हेरिया आणि गुन्नार क्लिंकहॅमर यांनी हे गणित सोडविले तेव्हा वेगळेच आढळले. धडक ओझरती बसते आणि ती बसल्यामुळेच चेंडू असा वळतो की बाहेर येताना त्याची धडक ओझरतीच बसावी. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात एकाच आरंभस्थितीपासून अशी अगणित सुसंगत उत्तरे निघतात, असेही दिसून आले. एक अडचण सुटली आणि दुसरी उभी राहिली.

दुसरे उत्तर क्वांटम सिद्धांताचे. डेव्हिड डॉइच यांनी १९९१ मध्ये क्वांटम गणनेच्या भाषेत विरोधाभासाची उकल सुचविली. अनेक विश्वांच्या संकल्पनेनुसार तिचा अर्थ असा लावता येतो की, प्रवासी ज्या विश्वात पोहोचतो ते त्याचे मूळ विश्व नसते. २०१४ मध्ये क्वीन्सलँड विद्यापीठातील गटाने प्रकाशकण वापरून या गणिताची प्रतिकृती केली. प्रत्यक्षात कोणताही कण भूतकाळात गेला नाही, हे येथे स्पष्ट लिहावयास हवे.

तिसरे उत्तर तत्त्वज्ञानाचे. लुईस यांच्या मते कोडे 'शकणे' या शब्दाच्या संदिग्धतेत आहे. प्रवाशाजवळ बंदूक आहे, नेम आहे, संधी आहे; या अर्थाने तो मारू शकतो. आजोबा त्या दिवशी मेले नाहीत, ही वस्तुस्थिती जमेस धरली तर तो मारू शकत नाही. दोन विधाने दोन वेगवेगळ्या संदर्भांत खरी आहेत, म्हणून त्यांत विरोध नाही.

काहीच न सापडणे हाही निष्कर्ष

शोध निष्फळ ठरला की निबंध फसला, असा गैरसमज विद्यार्थ्यांमध्ये रूढ आहे. अमेरिकेतील मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठाचे रॉबर्ट नेमिरॉफ आणि विद्यार्थिनी टेरेसा विल्सन यांनी २०१३ मध्ये इंटरनेटवर कालप्रवाशांच्या खुणा शोधल्या. सप्टेंबर २०१२ मध्ये शोध लागलेला आयसॉन धूमकेतू आणि मार्च २०१३ मध्ये निवडले गेलेले पोप फ्रान्सिस यांचा उल्लेख त्या तारखांपूर्वी कोणी केला होता काय, हे त्यांनी तपासले. दोन्ही नावे आधी कोणाला सुचण्यासारखी नव्हती, म्हणून ती निवडली. शिवाय सप्टेंबर २०१३ मध्ये त्यांनी आवाहन केले की, ठरावीक शब्दखूण असलेला संदेश ऑगस्ट किंवा त्यापूर्वीच्या तारखेला पाठवावा. अर्थात कोणीही सापडले नाही.

हा निबंध गमतीचा वाटला तरी त्याची शिस्त अनुकरणीय आहे. प्रश्न तपासता येण्याजोगा होता. पुरावा कोणता मानायचा हे आधी ठरविले होते. आणि यावरून कालप्रवासी नाहीतच असे सिद्ध होत नाही, हेही लेखकांनी मान्य केले. प्रवासी आपल्या खुणा ठेवू शकत नसतील किंवा ठेवू इच्छित नसतील. हॉकिंग यांनी २८ जून २००९ रोजी केंब्रिजमध्ये कालप्रवाशांना मेजवानी दिली आणि निमंत्रणे मेजवानी उलटून गेल्यावर जाहीर केली. कोणीच आले नाही. ती मेजवानी मार्मिक होती. नेमिरॉफ-विल्सन यांचा शोध संशोधन होता. या दोहोंतील फरक विद्यार्थ्याने ओळखावा.

स्रोत कोठे शोधावेत

या विषयावरील बहुतेक मूळ निबंध विनामूल्य वाचता येतात. १९९१ मध्ये सुरू झालेल्या 'आर्काइव्ह' या पूर्वप्रकाशन संग्रहात त्यानंतरचे बरेचसे काम आहे. मात्र तेथील निबंधांचे तज्ज्ञपरीक्षण झालेलेच असते असे नाही, म्हणून तो पुढे कोणत्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला हे पाहावे. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' योजनेमुळे सरकारी उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना आंतरराष्ट्रीय पत्रिका वाचता येतात. त्यासाठी महाविद्यालयाच्या ग्रंथपालांशी संपर्क साधावा. भारतीय विद्यापीठांतील प्रबंध 'शोधगंगा'वर आहेत.

वृत्तपत्रांतील मथळे हा स्रोत मानू नये. टोबार व कोस्टा यांचा निबंध आला तेव्हा 'कालप्रवास शक्य' अशा बातम्या झळकल्या. निबंधात शक्यतेचा दावा नव्हता, असे मार्ग असलेच तर विसंगती अटळ नाही, एवढेच म्हटले होते. २०११ मध्ये न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा वेगाने गेल्याची बातमी जगभर पसरली. सर्न येथून इटलीतील ग्रान सासो प्रयोगशाळेपर्यंतचे सुमारे ७३० किलोमीटर अंतर त्यांनी अपेक्षेपेक्षा ६० नॅनोसेकंद आधी कापल्याचे दिसत होते. मुख्य कारण निघाले नीट न जोडलेल्या प्रकाशतंतूच्या केबलचे. २०१२ मध्ये हा निष्कर्ष मागे घेण्यात आला. २०११ च्या बातमीवर विसंबणाऱ्याने २०१२ ची बातमीही वाचली पाहिजे.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने हा आजचा नवा धोका आहे. मागितल्यास ती अस्तित्वातच नसलेल्या निबंधाचे नाव, लेखक आणि पृष्ठक्रमांकही बिनचूक शैलीत देऊ शकतात. भविष्यातून आल्यासारखा वाटणारा असा संदर्भ परीक्षकाला शोधूनही सापडत नाही आणि मग संपूर्ण निबंधाच्या सचोटीविषयी शंका घेतली जाते. जो निबंध स्वतः उघडून पाहिलेला नाही, तो संदर्भसूचीत घालू नये, हा नियम पुरेसा आहे. वाङ्मयचौर्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची नियमावली आहे. तीनुसार १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य मानले जाते, तर प्रबंधात ६० टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास नोंदणीच रद्द होऊ शकते.

मांडणी

निबंधाचा सर्वसाधारण आराखडा पुढीलप्रमाणे ठेवता येतो.

१. सारांश : प्रश्न, पद्धत आणि निष्कर्ष दीडशे-दोनशे शब्दांत. तो सर्वांत शेवटी लिहावा.

२. प्रस्तावना : प्रश्न कोणता, तो का महत्त्वाचा आणि 'कालप्रवास' हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला आहे.

३. पूर्वसंशोधन : केवळ नावे व वर्षे न देता प्रत्येक निबंधाने आधीच्या निबंधात कोणती भर घातली किंवा कोणती त्रुटी दाखविली, ते सांगावे.

४. गृहीतके व पद्धत : दुसऱ्या विद्यार्थ्याला तेच काम पुन्हा करता येईल इतका तपशील द्यावा.

५. निष्पत्ती : स्वतःचे गणित, विश्लेषण किंवा तुलना, अनिश्चिततेसह.

६. चर्चा व मर्यादा : निष्कर्ष कोठवर लागू पडतो आणि कोठे पडत नाही.

७. संदर्भ : एकाच पद्धतीने लिहिलेले.

भाषेबाबत एक पथ्य पाळावे. 'सिद्ध झाले', 'मोजले गेले', 'समीकरणांतून निघते', 'सुचविले गेले' आणि 'कल्पिले गेले' या पाच क्रियापदांच्या पाच पायऱ्या आहेत. म्यूऑन व आण्विक घड्याळे पहिल्या दोन पायऱ्यांवर आहेत, गोडेल यांचे विश्व तिसऱ्या, हॉकिंग यांची अटकळ चौथ्या आणि वेल्सचे यंत्र पाचव्या. ककुद्मीची कथाही पाचव्या पायरीवरच शोभते. कल्पनेचा प्राचीन आविष्कार म्हणून तिचा उल्लेख अवश्य करावा; सापेक्षतावादाचा पुरावा म्हणून केल्यास कथेलाही न्याय मिळत नाही आणि विज्ञानालाही.

निबंधाच्या अखेरीस 'कालप्रवास लवकरच शक्य होईल' असा आशावाद व्यक्त करण्याची प्रथा पडली आहे. ती सोडणे इष्ट. भविष्याकडील प्रवास घडतो, पण आजच्या वेगांना तो सेकंदाच्या अपूर्णांकाचा असतो; भूतकाळाची वाट नियमांनी बंद केली आहे की नाही, हे अद्याप ठरलेले नाही. एवढे सप्रमाण लिहिता आले आणि त्यात स्वतः पडताळलेला एखादा आकडा असला, तर विद्यार्थ्याचा निबंध पूर्ण झाला असे समजावे. पुढील वर्षी हाच विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला तो आकडा तपासून पाहता येईल आणि तेथून पुढे जाता येईल.